दोन कोसांचा वळसा

सुखदेव, मागच्या शनिवारी ऑफिसात तुझी शोकसभा झाली. तिघांनी भाषणं केली आणि तिघांनीही तेच सांगितलं, की तू मोकळ्या हातांनी आलास आणि मोकळ्या हातांनी गेलास. मी मागच्या बाकावर बसून आतल्या आत चिडत होतो. तुझ्याबरोबर चौदा हिवाळे पायी हिंडलेला त्या खोलीत मी एकटाच होतो, आणि मोकळ्या हातांनी निघणं तुला कधीच पटलं नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. ते खूळ माझं होतं. आपलं भांडण तिथूनच सुरू झालं आणि ते मिटायच्या आत तू निघून गेलास. साहेबांनी ‘तुम्हीही दोन शब्द बोला’ अशी खूण केली तेव्हा मी मान हलवून नाही म्हटलं. माझ्याकडचे शब्द दोनात मावणारे नव्हते, आणि त्या सभेत बोलण्यासारखेही नव्हते.

चालायचं तूच काढलं होतंस. आपण दोघं नकाशांच्या ऑफिसात ट्रेसर. साडेदहा ते साडेपाच काचेच्या टेबलावर वाकायचं आणि गावांच्या शिवा, नाले, पांदणी एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उतरवायच्या. चार वर्षांत किती गावं आपल्या हाताखालून गेली असतील, आणि त्यातलं एकही आपण डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. एका दुपारी तू पेन बाजूला ठेवलंस.

‘वसंता, ह्या नाल्यात खरंच पाणी असते का बे, का आपण उगाच निळी शाई वाया घालवून राहिलो?’

‘मले काय माहीत?’

‘मग पाहून येऊ ना.’

तिथल्या तिथे तू नकाशावर बोट फिरवून वाट ठरवलीस. एसटीने नरखेड तालुक्यात उतरायचं, तिथून आडव्या वाटेने, सावनेर ओलांडून, पारशिवनीच्या बाजूला तुझ्या आत्याचं गाव होतं तिथपर्यंत चालत जायचं. सहा दिवस. डिसेंबरात, म्हणजे ऊन बाधत नाही आणि नाले पायी उतरता येतात.

मला चालण्याचं वेड नव्हतं, सामानाचं होतं. आमच्या गल्लीत कामठीच्या छावणीतून निवृत्त झालेले एक सुभेदार राहायचे. त्यांनी मला सांगितलं होतं की लांब चालणाऱ्याच्या पाठीवर तीन किलोच्या वर ओझं गेलं की चौथ्या दिवशी माणूस चालत नाही, ओझंच चालतं. मी ते मनावर घेतलं. निघायच्या आदल्या रविवारी तुला नागपुरात महाल भागातल्या माझ्या खोलीवर बोलावलं. जमिनीवर चादर अंथरली आणि किराणावाल्याकडून तराजू मागून आणला. दोघांचं सगळं सामान चादरीवर मांडायचं आणि एकेक वस्तू उचलून विचारायचं, हिच्यावाचून अडेल का? अडत नसेल तर चादरीबाहेर. गोधड्या गेल्या, एकेक घोंगडी राहिली. सदरा एक अंगात, एक थैल्यात. साबणाची वडी दोऱ्याने कापून चतकोर घेतली. पंचा एकच, त्यानेच अंग पुसायचं, उन्हात तोच डोक्याला गुंडाळायचा आणि वाटेत फुटाणे मिळाले तर त्यातच बांधायचे. कंगवा मी करवतीने अर्धा केला. तू खो खो हसलास. ‘दाढी बी अर्धीच करशीन का बे?’ म्हणालास. माझी बायको सुमन दारात उभी राहून हा तमाशा पाहत होती. ‘मले बी एकदा तोलून घ्या,’ ती म्हणाली, ‘म्हंजे घरी ठेवून चालले ते काहून, ते तरी कळंन.’

तुझ्या सामानात एक पितळी गडवा होता. पाणी प्यायचा साधा लोटा, बुडाशी चेचलेला, पण जाड पत्र्याचा. तराजूत घातला तर दोन्ही सदऱ्यांना भारी पडला. मी तो उचलून चादरीबाहेर ठेवला.

‘राहू दे ना गा,’ तू म्हणालास.

‘काहून? गावात कोणी पाणी पाजत नाही का?’

‘पाजतात.’

‘मग कशाले पाह्यजे हा धोंडा?’

तू गडव्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. ‘बरं,’ म्हणालास, ‘तुझ्या मनासारखं होऊ दे.’ आणि आपले थैले तीन किलोच्या आत आले म्हणून मी सुमनकडून चहा करवून घेतला.

आता हे लिहिताना लाज वाटते, पण मला खरंच काही सुचलं नव्हतं. तू बौद्ध आहेस हे मला माहीत होतं. छप्पन साली बारा वर्षांचा असताना वडिलांचा हात धरून तू दीक्षेच्या मैदानात उभा होतास, हे तू किती वेळा सांगितलं होतंस. वडिलांनी त्या दिवशी नव्या धोतराची घडी मोडली होती आणि घरी परत येताना ते रस्त्याच्या मधोमध चालत होते, हेही. आपण ऑफिसात एका कपातला चहा बशीत अर्धा अर्धा करून पीत होतो. मला वाटायचं, झालं की, आता कसली जात? मी कुणब्याचा मुलगा, माझ्या गावात मला कधी कुणी ओंजळीत पाणी घातलं नव्हतं. त्यामुळे गडवा मला नुसता गडवा दिसला.

पहिल्याच दुपारी एका गावाबाहेरच्या विहिरीवर दोन बाया पाणी भरत होत्या. मी पाणी मागितलं. एकीने कळशीतून लोटा भरून दिला, मी तो वरून ओतून गटागटा प्यायलो. तू मात्र विहिरीच्या ओट्यावर चढलासच नाहीस. खालीच उभा राहिलास, वाकलास आणि ओंजळ तोंडाला लावलीस. तिनेही काही न बोलता वरून धार धरली. ‘बाई, याले लोटा द्या ना,’ मी म्हणालो. तू ओंजळ न हलवता नुसतं डोळ्यांनी मला गप्प केलंस. मला तेव्हाही कळलं नाही, सुखदेव. मी समजलो, हा गावाकडचा रिवाज असेल.

संध्याकाळी तुळशीरामजी नावाच्या एका अनोळखी शेतकऱ्याच्या बागेत पोचलो. संत्र्याची बाग, तोंडाशी कौलारू घर, विहिरीवर धडधडणारं इंजिन. तुळशीरामजी तेव्हा पन्नाशीचे होते. त्यांनी अंगणात खाट टाकली, गुळाचा चहा दिला.

‘पायी?’ ते म्हणाले. ‘काहून बाप्पा? एसटी चुकली काय?’

तू नकाशाची आणि निळ्या शाईची गोष्ट सांगितलीस, ते पोट धरून हसले. त्यांच्या शिवेतला नाला मार्गशीर्षातच आटतो हेही त्यांनी सांगितलं, आणि तू लगेच ते वहीच्या कागदावर टिपून घेतलंस. आतून भाकरीचा आणि तुरीच्या सोल्यांच्या भाजीचा वास येत होता. दिवसभर फुटाण्यांवर काढला होता. ‘जेवूनच निजा आता इथंच,’ तुळशीरामजी म्हणाले आणि मग, पाट मांडायला सांगायच्या आधी, अगदी सहज विचारलं, ‘तं कोन्ते गा तुम्ही?’

कोणते म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. त्या एका क्षणात मला सगळं एकदम दिसलं. गडवा दिसला, ओट्याखाली वाकलेला तू दिसलास. तू उत्तर द्यायला श्वास घेतलास तोही दिसला. तुझं तोंड उघडायच्या आत मी बोलून मोकळा झालो.

‘आम्ही कुणबीच जी. हा माझा मावसभाऊ.’

तू घेतलेला श्वास तसाच सोडून दिलास. जेवताना मान वर केली नाहीस. तुळशीरामजींची बायको वाढता वाढता म्हणत होती, ‘घ्या ना मावसभाऊ, लाजून नका राहू.’ मला हायसं वाटत होतं. इतकंच नाही, मी स्वतःवर खूश होतो. काय प्रसंग निभावून नेला, असं मनाशी म्हणतच मी घोंगडी पांघरली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तू बोलला नाहीस. दोन्ही बाजूंना कपाशी, मधून पांदण, आणि तू पुढे.

‘काय झालं बे?’ मी शेवटी विचारलं. ‘सकाळपासून तोंड फुगवून राहिला.’

तू थांबलास. थैला खाली ठेवलास. तुझा आवाज चढला नाही, तेच मला जास्त लागलं.

‘वसंता, माझ्या बापानं एक नाव टाकलं नि एक घेतलं. भर मैदानात, साऱ्या दुनियेसमोर. ते तू काल चादरीबाहेर काढून ठेवलं. दोन भाकरीपायी.’

‘मी तुझ्यासाठीच बोललो ना! उपाशी उठवलं असतं त्यांनी तुले.’

‘उठवलं असतं तं उठलो असतो. मले सवय आहे. तू उठला असता का माझ्यासंगं?’

‘म्हंजे काय? उठलो असतो.’

‘मले तेच पाह्यचं होतं,’ तू म्हणालास. ‘तू पाहूच नाही देलं.’

मग थैला पाठीवर टाकून तू चालू लागलास. पुढचे चार दिवस मी वाद घालत होतो आणि तू ऐकून घेत होतास. एका खोट्याने कोणाचं काय वाईट झालं, मी म्हणायचो. त्यांचा धर्म बुडाला नाही, तुझं पोट भरलं, माझा हेतू चांगला होता. तू मध्येच ‘तो नीलकंठ पाह्य तारेवर’ म्हणायचास. मला वाटायचं तुझ्याकडे उत्तर नाही.

उत्तर तुझ्या आत्याने दिलं, तिला न कळताच. सहाव्या दिवशी आपण तिच्या दारात पोचलो. गावाच्या कडेची बौद्ध वस्ती, शेणाने सारवलेला ओटा. तिने तुझ्या तोंडावरून हात फिरवला, माझं नाव विचारलं, घर कोणतं ते विचारलं, आणि आत जाऊन एक सूप घेऊन आली. सुपात तांदूळ, तुरीची डाळ, मीठ, मिरच्या; शेजारी कोरं मडकं. ओट्याच्या टोकाला तीन दगडांची चूल आधीच मांडून ठेवलेली.

‘तुम्ही आमच्या हातचं कसे जेवान, बाप्पा,’ ती म्हणाली. ‘म्हनून कोरा शिधा काढून ठेवला. सुखदेवानं चिठ्ठीत लिवलं होतं दोस्त येऊन राहिला म्हनून. तुमच्या हातानं रांधून घ्या.’

हे मी कोणाजवळ बोललो नाही, सुमनजवळसुद्धा नाही. त्या सुपाकडे पाहून मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. एका कपातला चहा पिणारा मी, आणि माझ्या आत हे बसलेलं होतं. मग कान तापले. मी म्हणालो, ‘आत्याबाई, मला रांधता येत नाही. तुमच्या हातचंच वाढा.’ ती माझ्याकडे पाहत राहिली, मग सूप उचलून आत गेली, आणि आत जाताना तिने पदर डोळ्यांना लावला. जेवताना तू माझ्याकडे पाहत होतास. तो क्षण तुला दिसला होता का, हे मला चौदा वर्षांत विचारता आलं नाही. हात धुताना तू एवढंच म्हणालास, ‘माझ्या आत्यानं तुले कोणाचा भाऊ करून नाही जेवू घातलं. तुझंच नाव विचारलं, नि तुलेच वाढलं.’

नागपूरच्या एसटीत मी खिडकीतून बाहेर बघत बसलो आणि तू माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपलास.

पुढच्या वर्षी तू येणार नाहीस असं मी धरूनच चाललो होतो. तू आलास. चादर अंथरल्या अंथरल्या पहिली वस्तू तू ठेवलीस ती गडवा, आणि बाकीचं माझ्या मनासारखं कापू दिलंस. घोंगडीऐवजी नुसती चादर घेतलीस, वहाणांचा जादा जोड सोडलास, तीन किलोचा काटा सांभाळलास. मी गडव्याबद्दल ब्रही काढला नाही. गावागावातली तुझी पद्धतही त्या वर्षीपासून बदलली. कोणाच्याही दारात, खाटेवर टेकायच्या आधी, तू हसतमुखाने सांगून टाकायचास, ‘मी सुखदेव, बौद्ध आहे जी. हा वसंता, कुणबी. दोघांले पाणी पाह्यजे.’ मला पहिल्यांदा घाम फुटला. काही घरांनी दोघांना पाणी दिलं. काहींनी वरून धार धरली, तेव्हा तू गडवा पुढे केलास आणि ओंजळ केली नाहीस. दोन घरांत जेवायलाही बसवलं, शेजारी शेजारी. आणि सावनेरच्या अलीकडच्या एका गावात घरमालकाने मला एकट्याला खुणेने आत बोलावलं. मी उठलो आणि रस्त्याला लागलो. तू पुढे चालत होतास. मागे वळून पाहिलं नाहीस, पण चाल हळू केलीस. त्या दिवशी आपण उपाशी आठ मैल चाललो, आणि चौदा वर्षांतला माझा सगळ्यात चांगला दिवस विचारशील तर तोच.

राहिलं ते एकच. तुळशीरामजींचं घर.

‘मी तिथं मावसभाऊ म्हणून जाणार नाही,’ तू दुसऱ्याच वर्षी सांगितलंस. ‘तू सांगशीन त्याले खरं काय ते, मग जाऊ.’ त्यांच्या गावाची शीव आली की तू थांबायचास आणि विचारायचास, ‘सांगितलं काय गा त्याले?’ मी नकारार्थी मान हलवायचो. ‘बरं. मग इकडून,’ म्हणून तू नाल्याकडे वळायचास. तो वळसा दोन कोसांचा होता. अर्धा कंगवा घरी ठेवणारा मी, माझ्या एका वाक्यापायी दर वर्षी दोन कोस जास्त चाललो आणि तुलाही चालवलं. माझ्या टाचेला फोड यायचा तो त्या नाल्यातल्या गोट्यांवरच.

सांगायची संधी नव्हती असं नाही. त्या पहिल्या मुक्कामातच तुळशीरामजींनी माझा पत्ता घेतला होता. तुळशीरामजी दर वर्षी संत्र्याच्या ट्रकबरोबर नागपूरला यायचे आणि आमच्या घरी टोपली घेऊन हमखास डोकावायचे. सुमनला लेक म्हणायचे. चहा घ्यायचे, पावसापाण्याचं बोलायचे आणि उठता उठता विचारायचे, ‘मावसभाऊ कसा हाय?’ मी म्हणायचो, ‘बरा आहे.’ ‘त्याले बी दे जा यातले,’ ते म्हणायचे. माझ्या ओठांवर वाक्य यायचं आणि मी ते गिळायचो. मला तुझी भीती नव्हती, त्यांच्या रागाचीही नव्हती. ज्या घरचं मीठ खाल्लं त्याच घराला मी फसवलं, हे त्यांना कळलेलं त्यांच्या तोंडावर उमटताना मला बघायचं नव्हतं. ते मला भला माणूस समजत होते आणि मला ते हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी संत्री ऑफिसात आणायचो. तू डबा खाऊन झाल्यावर एक सोलायचास, फोडी माझ्या पुढे करायचास. ‘सांगितलं काय गा?’

‘या खेपेला राहून गेलं.’

‘बरं.’

तुझ्या त्या ‘बरं’चा मला वीट आला होता. एकदा मी भडकलो. ‘तुले काय करायचं आहे रे? त्यांच्या घरी तू जातच नाहीस. मग मी सांगो का न सांगो, तुझं काय अडते?’ तू फोड तोंडात टाकलीस, बी हातात काढलीस. ‘माझं काही नाही अडत, राजा,’ म्हणालास. ‘माझं झालं.’ ‘झालं’ म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

यंदा श्रावणात ऑफिसचा जिना उतरताना तुला दम लागला. कठड्याला धरून उभा राहिलास आणि मी पाणी आणायला धावणार, तर माझा हात धरून हसत म्हणालास, ‘या डिसेंबरात त्या नाल्यातून नाही जमणार गा मले. सरळ वाटेनं जाऊ. सांगून टाक एकदाचं.’ मी म्हणालो, ‘यंदा नक्की.’ दसऱ्याच्या आधीच तू गेलास. नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतल्या तुझ्या घरून तुला नेलं तेव्हा मी खांदा दिला. वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली, ‘भाऊजी, तुमच्यासंगं चालून आले की हे महिनाभर खुशीत राहत होते.’ मी तिथे रडलो नाही. घरी येऊन, मोरीत पाय धुता धुता रडलो.

परवा मी रजा टाकली आणि पहिल्या एसटीने नरखेडला गेलो. थैला नाही, काही नाही, ऑफिसला जातो तसा. बसमधून उतरून त्या गावाची वाट धरली तेव्हा पाय सवयीने नाल्याकडे वळत होते, त्यांना सरळ ठेवावं लागलं. तुळशीरामजी आता पासष्टीचे आहेत. डोळ्यांत मोतीबिंदू, खाट अंगणातून सरकून बागेच्या सावलीत गेलेली. संत्री अजून हिरवी होती. मला आवाजावरून ओळखलं त्यांनी.

‘ये गा वसंता. मावसभाऊ कसा हाय?’

‘गेला जी,’ मी म्हणालो. ‘पंधरा दिवस झाले.’

ते उठून बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मला वाटलं, आता पुरे. मेलेल्या माणसाबद्दल आता कशाला? अजूनही तोंड बंद ठेवता येत होतं, सुखदेव, मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. मग मी म्हणालो, ‘तुळशीरामजी, तो माझा मावसभाऊ नव्हता. कुणबी नव्हता. बौद्ध होता, माझा दोस्त होता. त्या दिवशी तुमच्या घरी मी खोटं बोललो. तो नाही बोलला, मी बोललो.’

‘मले ठाव हाय,’ ते म्हणाले.

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगायला लागलो, तर त्यांनी हाताने थांबवलं.

‘दुसऱ्या रोजी सकाळीच सांगतलं त्यानं मले. तू निजूनच होता. मी इंजिन चालू कराले आलो, तं तो इथं इहिरीपाशी उभा. म्हने, बाबाजी, मी यांचा मावसभाऊ नोहो. मी बौद्ध. काल तुमच्या घरी जेवलो, मंग तुम्हाले खरं ठाव पाह्यजे. आता तुमाले काय म्हनायचं ते म्हना.’ तुळशीरामजींनी खाली पाहिलं. ‘मी काही नाही म्हनलो. तुम्ही गेल्यावर मातर भांडी बाटली म्हनून त्यायवरून निखारा फिरवला. खोटं काहून बोलू? तवा तसंच होतं आमचं. मंग पुढच्या साली नागपूरले आलो तवा मनात आलं, त्या पोरानं मले सांगाले नाही पाह्यजे होतं, तरी सांगतलं. अन् मी निखारा फिरवत बसलो. लाज वाटली मले.’

‘मग तुम्ही मला दर वर्षी मावसभाऊ म्हणून का विचारत होतात?’

‘त्यानंच सांगतलं होतं. मी म्हनलो, तुझ्या दोस्ताचे कान उपटतो आता. तं तो म्हने, नाही बाबाजी, तुम्ही काही नका बोलू त्याले. तो सांगन.’ त्यांनी माझ्याकडे न दिसणाऱ्या डोळ्यांनी पाहिलं. ‘दर साली म्यां इचारो तुले. म्हनो, औंदा सांगन.’

मी त्यांच्या खाटेच्या पायाशी बसलो होतो. त्यांच्या सुनेने जेवायला हाक मारली तरी मी तसाच बसून होतो.

चौदा वर्षं मी समजत होतो की तुम्हा दोघांमधलं ते गुपित मीच वाहतोय. तुझं काहीच अडलं नव्हतं. तू दुसऱ्याच सकाळी, मी घोंगडीत घोरत असताना, तुझं नाव परत घेऊन मोकळा झाला होतास. त्या घरी तू केव्हाही ताठ मानेने जाऊ शकत होतास. तरी दर डिसेंबरात माझ्याबरोबर नाल्यात उतरायचास, गोट्यांतून दोन कोस चालायचास, आणि वर आल्यावर ‘फोड दाखव’ म्हणून माझा पाय मांडीवर घ्यायचास. तो वळसा माझा होता, सुखदेव. तू फक्त सोबतीला येत होतास.